खाल्लेलं तुमच्याच अंगी का लागतं?

आर्वी तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आलंय. पाच पानी आहे, त्यातलं कामापुरतं इथे देते.

"डॉक्टर मॅडम, माझं वय ३६, उंची पाच फूट, वजन ७२ किलो. लग्नात ४६ होतं. माझी आई जाड, मावशी जाड. आईला शुगर होती, मावशीला आहे. मी आणि माझी जाऊ एकाच चुलीवरचं खातो. ती माझ्यापेक्षा एक पोळी जास्तच खाते, तरी काडीसारखी आहे, आणि मला पाणीही अंगी लागते. सासूबाई म्हणतात, 'तुह्या मायच्या खानदानातच हाये ते, रक्तातलं कुठं जाते?' सहा वर्षांपासून मी घरी शिलाई मशीन चालवते, वावरात जाणं सुटलं. मागच्या महिन्यात तालुक्याला एक शिबिर झालं. लाळ तपासून लठ्ठपणाचा जीन आहे की नाही ते सांगतात म्हणे, साडेनऊ हजार रुपये. मुलगी ११ वर्षांची आहे, ४९ किलो. जन्मली तेव्हा २ किलो १०० ग्रॅम होती, अंगणवाडीत कुपोषितांच्या यादीत होती. आता पोट्टे चिडवतात तिला. धाकट्या बहिणीची सोयरीक जुळत आली होती, पण आईचा फोटो पाहून पाहुणे बोलले की पोरगीही पुढं अशीच होईल. रक्तातच असेल तर मी उपास-तापास करून काय फायदा? तपासणी करू का?"

ताई, तुमच्या सासूबाई निम्म्या बरोबर आहेत. उरलेल्या निम्म्यासाठी हे एवढं लिहिते आहे.

आधी माझी एक कबुली. तीस वर्षं मी प्राथमिक आरोग्य केंद्रांत काढली. गुडघे धरत येणाऱ्या जाड बाईला मी मान वर न करताच सांगायची, "खाणं कमी करा." एकदा ऐन वेचणीच्या दिवसांत आलेली एक बाई म्हणाली, "मॅडम, दोन टाइम मिळून दीड भाकर खातो मी. याच्यात काय कमी करू?" मला वाटलं, लपवते आहे. चार महिन्यांनी भलत्याच कारणासाठी तिचं रक्त तपासलं, तर थायरॉइड पार बिघडलेलं. थायरॉइडमुळे सगळंच वजन चढत नाही, थोडंच चढतं, पण मी तपासलंच नव्हतं, हे खरं. तेव्हापासून "कमी खा" हे वाक्य मी गोळीसारखं वाटणं सोडलं. म्हणून जाऊ तुमच्यापेक्षा जास्त खाते असं तुम्ही लिहिता, ते मी खरं धरून चालते.

आपल्या भाषेत "अंगी लागणं" हा फार नेमका शब्द आहे. खाणं वेगळं आणि अंगी लागणं वेगळं, हे आपल्या आज्या कधीच ओळखून होत्या. शास्त्रज्ञांनी तेच मोजून पाहिलं. कॅनडातल्या क्वेबेकमध्ये क्लोद बुशार यांनी एकसारख्या, म्हणजे रक्तातला वारसा तोच असलेल्या, जुळ्या तरुणांच्या १२ जोड्या घेतल्या. शंभर दिवस त्यांना डोळ्यांखाली ठेवलं आणि त्यातले ८४ दिवस प्रत्येकाला गरजेपेक्षा रोज १,००० कॅलरी जास्त खाऊ घातल्या. म्हणजे नेहमीच्या जेवणावर आणखी दहाएक कोरड्या पोळ्या समजा. १९९० साली निकाल छापून आला. सरासरी वजन ८.१ किलो वाढलं, पण एकाचं ४.३ किलोवरच थांबलं आणि एकाचं १३.३ किलोपर्यंत गेलं. जास्तीचं खाणं सगळ्यांचं सारखंच होतं, बरं का. आणि गंमत अशी की जोडीतल्या एका भावाचं जेवढं वाढलं, साधारण तेवढंच दुसऱ्याचंही वाढलं. ४.३ वाला म्हणजे तुमची जाऊ, १३.३ वाल्या तुम्ही.

"पण आमच्या घरचं तेलच जास्त, त्यामुळे सगळे जाड" असं कुणी म्हणेल. त्यावर डेन्मार्कमधली एक पाहणी आहे. अल्बर्ट स्टंकार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लहानपणी दत्तक गेलेली ५४० माणसं मोठेपणी पाहिली. त्यांची अंगलट जन्मदात्या आईबापांशी जुळली. ज्यांच्या ताटात ती जेवून मोठी झाली, त्यांच्याशी जुळली नाही. हे १९८६ साली प्रसिद्ध झालं.

अशा अभ्यासांवरून माणसामाणसांतल्या वजनाच्या फरकापैकी साधारण ४० ते ७० टक्के भाग वारशाचा धरतात. इथे शिकलेले लोकही घसरतात, म्हणून जरा थांबते. तुमच्या ७२ किलोंतले ७० टक्के आईकडून आले, असा याचा अर्थ होत नाही. तुमच्या गावात, आजच्या खाण्यापिण्यात, तुम्ही आणि तुमची जाऊ यांच्यात जो *फरक* आहे, त्यातला मोठा वाटा वारशाचा, एवढाच अर्थ. म्हणजे "मीच का?" या प्रश्नाचं उत्तर रक्तात बऱ्यापैकी सापडतं. "आत्ताच का?" याचं उत्तर तिथे शोधून मिळायचं नाही. सासूबाईंनी दोन्ही प्रश्न एका चुलीवर ठेवले आणि तिथेच फसल्या.

हा वारसा चालतो कसा, ते तुम्हाला पऱ्हाटीवरून चटकन कळेल. संकरित कपाशीचं पाकीट आणून पेरलं तर सगळं वावर एका उंचीचं येतं. त्याच कपाशीची सरकी घरी धरून पुढल्या वर्षी पेरली, तर एक झाड कमरेएवढं, एक छातीएवढं, एकाला बोंडं लदलेली, एक नुसतंच वाढलेलं. बी एकाच झाडाचं, मग असं काहून? कारण त्या झाडात दोन वाणांचे गुण जोडीजोडीने बसलेले होते आणि प्रत्येक सरकीत त्यांची वाटणी वेगळी झाली. आपण सगळी माणसं अशी घरच्या सरकीची. आईबापांकडच्या प्रत्येक जोडीतला एकेक दाणा आपल्याला येतो, कोणता येईल ते नेम नाही. म्हणून एकाच मायच्या पोटी एक बहीण भरलेली आणि एक सडसडीत निघते. "खाण तशी माती" ही म्हण ढोबळमानाने खरी, पण सोयरीक मोडण्याइतकी खरी नाही. तुमच्या बहिणीच्या पाहुण्यांबद्दल मला एवढंच म्हणायचं आहे. बाकी ज्यांनी होणाऱ्या सासूचा फोटो पाहून मुलीला नापास केलं, त्यांनी मुलाच्या बापाची कंबर मोजली होती का, हे विचारून घ्या.

आता "लठ्ठपणाचा जीन" हा शब्द. आपल्या भागात सिकलसेल हा रक्ताचा आजार सगळ्यांना ठाऊक आहे. त्यात एकाच जनुकात (जीनलाच मराठीत जनुक म्हणतात) बिघाड असतो. आईबाप दोघेही वाहक असतील तर दर मुलामागे चारात एक शक्यता आजाराची. रक्त तपासलं की कार्डावर लिहिता येतं: वाहक, रुग्ण, किंवा काही नाही. शिबिरातल्या माणसाने तुमच्या डोक्यात हेच चित्र बसवलं, की वजनाचंही असं हो-नाहीचं कार्ड मिळेल. वजन तसं वागत नाही.

वजनाच्या बाबतीत सगळ्यात गाजलेलं जनुक एफटीओ. २००७ साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी ते समोर आणलं. त्याचा वजन वाढवणारा प्रकार आई आणि बाप दोघांकडूनही आला, तर माणूस सरासरीने तीनेक किलो जास्त भरतो. हो, तीनच. आणि हे सगळ्यात जोरकस जनुकांपैकी एक! युरोपात शंभरातले सोळा लोक दोन्हीकडून हा प्रकार घेऊन फिरतात, त्यांतले कितीतरी सडपातळ आहेत. पुढे २०१८ साली सुमारे सात लाख लोकांची माहिती एकत्र करून वजनाशी संबंध असलेल्या साडेनऊशेच्या आसपास जागा सापडल्या. सगळ्यांची बेरीज केली तरी फरकातला सहाएक टक्के भागच त्यातून उलगडतो. म्हणजे मूठभर मोठी माणसं नाहीत, हजारो मजूर आहेत, प्रत्येक जण चिमूटभर ओझं टाकतो.

यातली बरीच जनुकं मेंदूत काम करतात. भूक कधी लागावी, पोट भरल्याचा निरोप कधी पोचावा, समोर भजी दिसली तर मन किती ओढावं, हे ती ठरवतात. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण यामुळे "तिला जिभेवर ताबा नाही" हा टोमणा निकालात निघतो. तुमच्या जावेला ताबा ठेवावा लागतच नाही, तिला भूकच तेवढी लागत नसेल. पण याची दुसरी बाजूही सांगते, रागावू नका. जावेची पोळी तुम्ही ताटात मोजलीत. मशीनवर बसल्या बसल्या गिऱ्हाइकाबरोबर होणारा चहा, वाटीतला शेव-चिवडा, मुलीने उरवलेला भात, हे ताटाबाहेरचं कुणी मोजलं? खोटं कुणी बोलत नाही, पण ताटाबाहेरचं खाणं कुणालाच आठवत नाही. मलाही नाही.

मग आत्ताच का? लग्नात तुम्ही ४६ किलोच्या होतात. जनुकं तेव्हाही हीच होती, अंगात गप्प बसून होती. आपल्या देशाचे आकडे पाहा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २००५-०६ साली १५ ते ४९ वयाच्या बायांपैकी १२.६ टक्के जास्त वजनाच्या होत्या, २०१९-२१ मध्ये २४ टक्के. पंधरा वर्षांत जवळपास दुप्पट. एवढ्या काळात एक पिढी धड बदलत नाही, तर रक्त कुठून बदलणार? बदललं ते वावर, ताट आणि दिवस.

तुमच्या आजीने तुमच्याएवढ्या वयात दिवसाला काय केलं, ते आठवून पाहा. विहिरीचं पाणी, जात्यावरचं दळण, निंदण, वेचणी, डोक्यावर पऱ्हाट्यांचा भारा. ताटात ज्वारीची भाकर, तुरीचं वरण, आंबाडीची भाजी, आणि पुरण फक्त पोळ्याला नाहीतर महालक्ष्म्यांना. नव्वदनंतर विदर्भात सोयाबीन पसरलं, ज्वारी मागे हटली. तिची जागा रेशनच्या गहू-तांदळाने घेतली. निंदणाचं काम तणनाशकाने खाल्लं, दळण चक्कीने, पाणी नळाने, वावरापर्यंतची पायवाट मोटरसायकलने. यातलं काही परत आणा असं मी म्हणणार नाही. जात्यावर दळण्यात कसलाही रोमान्स नाही, माझ्या आईच्या खांद्यांना विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं. पण शरीराचा जमाखर्च बदलला, एवढं मान्य करायला हवं. तुमच्यापुरतं बोलायचं तर वावर सुटून मशीन आलं, त्यालाच सहा वर्षं झाली. मधल्या काळात वजन कसं चढलं ते तुम्ही लिहिलं नाही. माझा अंदाज आहे, निम्म्याहून जास्त याच सहा वर्षांतलं असेल.

एकच रक्त आणि दोन तऱ्हांचे दिवस, असा नमुनाही जगात आहे. अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनात पिमा नावाचे आदिवासी राहतात. त्यांचेच भाऊबंद सीमेपलीकडे मेक्सिकोच्या डोंगरात मायकोबा गावाच्या आसपास आहेत, हाताने आणि बैलाने शेती करणारे. २००६ साली छापलेल्या तुलनेत अ‍ॅरिझोनातल्या पिमांत ३८ टक्के मोठ्या माणसांना मधुमेह निघाला, मेक्सिकोतल्यांत ६.९ टक्के. वजनातही असाच फरक. वाण तोच, जमीन वेगळी. आणि एफटीओवरच दोन लाखांहून जास्त लोकांची माहिती घेऊन २०११ साली असं दिसलं, की अंगमेहनत करणाऱ्यांत त्या जनुकाचा जोर २७ टक्क्यांनी कमी पडतो. म्हणजे उपास-तापास करून फायदा काय, या तुमच्या प्रश्नातला "उपास" मी खोडते. "काय फायदा" याचं उत्तर मात्र आहे.

सासूबाई "खानदान" म्हणतात, काही जण तेच "समाज" म्हणून सांगतात, की अमक्या जातीच्या बाया जाडच असतात. जातीतल्या जातीत लग्नं झाल्याने काही एकाच जनुकाचे आजार एखाद्या समाजात साठून राहतात, सिकलसेल डोळ्यांसमोर आहे. वजनाची जनुकं मात्र हजारोंनी आणि सगळीकडे विखुरलेली. कुणाच्या घरी वावर मोठं, बाई घराबाहेर पडत नाही, सणाला तूप जास्त. कुणाच्या घरी रोजमजुरी. "समाजाचा" म्हणून जो फरक दिसतो त्यातला बराचसा असा असतो. अपवादही सांगते. सामोआ बेटांवर वजन वाढवणारा एका जनुकाचा खास प्रकार फार पसरलेला आहे, तो पॅसिफिकमधल्या बेटांबाहेर जवळजवळ सापडत नाही. २०१६ साली हे कळलं. आणि विचित्र म्हणजे तो प्रकार असलेल्यांना मधुमेहाचा धोका उलट कमी. बेट आहे, लोक थोडे, शतकानुशतकं आपापसांत लग्नं. आर्वी बेट नाही.

आता साडेनऊ हजार. नका देऊ. त्या अहवालात "धोका जास्त" असं आलं, तर तुम्ही म्हणाल, रक्तातच आहे, आता काय. "धोका कमी" आलं, तर म्हणाल, मग मी पापीच, माझंच चुकतं. दोन्हीकडून नुकसान. शिवाय हजारो जनुकांची बेरीज करून धोका सांगणारी ही गणितं मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांवर बसवलेली आहेत, आपल्या माणसांवर ती तितकी नेमकी लागू पडत नाहीत. आणि कळलं तरी सल्ला बदलत नाही. आठ प्रयोगांतल्या ९,५६३ लोकांची माहिती २०१६ साली एकत्र पाहिली गेली. खाणं-व्यायाम बदलल्यावर एफटीओचा जाड प्रकार असलेल्यांचं आणि नसलेल्यांचं वजन सारखंच उतरलं. जनुक चढायला मदत करतं, उतरताना पाय धरत नाही. कापूस विकून आलेला पैसा लाळेत घालू नका.

फुकटातली जनुक तपासणी तुमच्याकडे आधीच आहे. आई, मावशी, शुगर हे तुम्ही पत्राच्या पहिल्या चार ओळींत लिहिलंत. आशाताई तीस वर्षांवरच्या माणसांचा जो फॉर्म भरून घेते, त्यात घरात कुणाला शुगर, बीपी आहे का आणि कंबर किती, हे दोन्ही विचारतात ते उगाच नाही. अंदाजे आकडे सांगून तो फॉर्म उरकू देऊ नका.

मुलीबद्दल जास्त लिहिते, कारण तिच्यात मला वेगळी गोष्ट दिसते. २ किलो १०० ग्रॅमची जन्मली, कुपोषितांच्या यादीत गेली, आणि अकराव्या वर्षी ४९ किलो. तुम्हाला हे उलटंसुलटं वाटतं ना? आपल्या देशात ही एकच कहाणी असते. पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी पुण्याजवळच्या खेड्यांतली बाळं जन्मताच मोजली आणि इंग्लंडच्या साउथॅम्प्टनमधल्या बाळांशी ताडून पाहिली. तिकडचं बाळ साडेतीन किलोचं, आपलं २.७ किलोचं. आपल्या बाळाचे स्नायू कमी, पोटाचा घेर कमी, पण चरबी मात्र जवळपास राखलेली. दिसायला किडकिडीत, आतून चरबीचा साठा धरून बसलेलं. आईच्या पोटात अन्न कमी पडलं की बाळाचं शरीर काटकसर शिकतं. ही काटकसर आईच्या ताटातून येते. तिला जनुकाची गरज नाही. तुमची नऊ महिन्यांची स्थिती कशी होती हे मला माहीत नाही. वेचणी करत होतात का, शेवटपर्यंत? तसं असेल तर "तुह्या मायच्या खानदानातलं" म्हणण्याआधी सासूबाईंनी तेव्हा तुमच्या ताटात काय वाढलं होतं, तेही आठवावं. हे वाक्य घरात मोठ्याने वाचू नका.

अंगणवाडीने तिला जास्तीचा आहार दिला तो बरोबरच दिला. चूक पुढे होते. काटकसर शिकलेल्या शरीराला पाच रुपयांचे पुडे, साखरेचा चहा आणि शाळेचा ऑटो मिळाला, की ते सगळं साठवतं. तिला उपाशी ठेवू नका, भाकर-पोळी तोडू नका. या वयात मुली उंच होतात. वजन दोन वर्षं आहे तिथे रोखलं आणि उंची वाढली, तरी अर्धं काम झालं. पुडे घरात आणणं सगळ्यांसाठी बंद करा, एकटीसाठी नाही, नाहीतर ती शेजारी जाऊन खाईल. तिच्या मानेवर मागच्या बाजूला काळपट, मखमलीसारखा पट्टा आहे का बघा. आपल्याकडे तो मळ समजून घासतात. घासून जात नसेल, तर ग्रामीण रुग्णालयात दाखवा आणि रक्तातली साखर तपासा. तिला "ढोली" म्हणणाऱ्या पोट्ट्यांसाठी शिक्षकांकडे जा, लाजू नका.

जनुक तपासायची खरी गरज कुठे असते, तेही सांगून ठेवते. १९९७ साली इंग्लंडमध्ये पाकिस्तानी वंशाची दोन चुलत भावंडं पुढे आली. मुलगी आठ वर्षांची, ८६ किलो. मुलगा दोन वर्षांचा, २९ किलो. नात्यात लग्नं झालेली घरं. लेप्टिन नावाचा, भूक थांबवणारा पदार्थ त्यांच्या अंगात तयारच होत नव्हता. तोच पदार्थ इंजेक्शनने दिल्यावर मुलीची भूक शांत झाली आणि वजन उतरलं. असं लाखांत एखाद्याचं असतं. आपल्याकडेही आते-मामे सोयरिकी होतात, म्हणून लक्षात ठेवा: पाच वर्षांच्या आतच वजन बेसुमार, भूक भागतच नाही, रात्री उठून खाणं, बुद्धीची वाढ मागे, नजर कमी किंवा बोटं जास्तीची, असं असेल तर मूल थेट मेडिकल कॉलेजला न्यायचं. तुमची मुलगी त्या वयात कुपोषितांच्या यादीत होती. तिचं हे नाही.

आणि तुमची जाऊ. तिचा हेवा करू नका, कारण ती सुटली आहे असं मला अजिबात वाटत नाही. याज्ञिक आणि त्यांचे लंडनमधले मित्र जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ साली डॉक्टरांच्या मोठ्या नियतकालिकात छापून आला. दोघांचा उंची-वजनाचा हिशेब, म्हणजे बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग), अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी मोजली तर इंग्रज डॉक्टरची ९.१ टक्के, आपल्या डॉक्टरची २१.२ टक्के. बाहेरून दोघेही सडपातळ. आपल्याकडे काडीसारख्या माणसांनाही शुगर निघते ती याचमुळे, आणि म्हणूनच जास्त वजनाची रेषा आपल्यासाठी २३ वर ओढली आहे, तिकडे ती २५ वर आहे. तुमचा हिशेब ३१ येतो. पण जावेचं वजन कमी आहे म्हणून तिची साखर आपोआप नीट असेल, असं नाही. दोघी एकाच दिवशी जा आणि उपाशीपोटी रक्त द्या. तुम्ही साखरेबरोबर थायरॉइडचंही सांगा, मी एकदा चुकले आहे.

खाण्याचं थोडक्यात. चहा किती वेळा होतो ते मोजा. सहा कप आणि प्रत्येकात दोन चमचे साखर धरली, तर तिथेच अडीचशेच्या आसपास कॅलरी जातात, म्हणजे त्या कॅनडातल्या पोरांना चारलेल्या जास्तीचा पाव हिस्सा, तोही रोज. साखर निम्मी करा, पंधरा दिवसांत जिभेला सवय होते. तेलाचा १५ किलोचा पिपा पाच माणसांत किती दिवस पुरतो ते पिप्यावर तारीख टाकून बघा. चार महिन्यांच्या आत संपला तर हात सैल आहे. एक वेळ ज्वारी परत ताटात आणा. वरण पातळ न करता घट्ट करा, तुरीचं, मुगाचं, चण्याचं. डाळीने भूक जास्त वेळ दबते आणि तुमची अडचण भुकेचीच आहे. संध्याकाळचं जेवण दिवेलागणीला. दर तासाला मशीनवरून उठा, आणि वेचणीच्या दिवसांत सकाळचे दोन तास वावरात जा, मजुरीही सुटेल. सुरुवातीला पाच-सहा किलो उतरले तरी साखर आणि गुडघे, दोन्हीला फरक पडतो. ४६ चा विचार मनातून काढून टाका, तो आकडा वीस वर्षांच्या पोरीचा होता.

राहिली कंबर. तुमच्या गळ्यात टेप असते, डॉक्टरपेक्षा नीट मोजाल. ब्लाउजची कंबर नको. शेवटची बरगडी आणि कुल्ल्याचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, टेप न आवळता. बाईसाठी ८० सेंटिमीटर, म्हणजे साडेएकतीस इंच ही हद्द. पुरुषांसाठी ९०, साडेपस्तीस इंच. घरातल्या सगळ्यांची घ्या, जावेची आणि सासूबाईंचीही.

आणि तुमची ती मापाची वही. सहा वर्षांपूर्वीची पानं उघडा आणि त्याच बायांची यंदाची मापं शेजारी मांडा. कुणाची वाढली, कुणाची तशीच आहे, आणि ज्यांची वाढली त्या सगळ्या तुमच्या आईच्या खानदानातल्या आहेत का, ते पाहा. नावं झाकून आकडे मला पाठवा. वेचणी उरकली की पाठवलेत तरी चालेल.